सहावा चमचा

सोलापूर, मंगळवार, १२ मार्च १९३५

दादाने मुंबईहून आणलेले न गंजणाऱ्या पोलादाचे सहा चमचे. परवा सासूबाईंनी ते पितळेच्या भांड्यांबरोबर चिंच-राखेने, काथ्याने खसाखसा घासले. पार धुरकट झाले. मी एवढंच म्हणाले, "राहू द्या, मी करते." पण कुठल्या सुरात म्हणाले! तेव्हापासून त्यांनी माझ्या एकाही भांड्याला हात लावला नाही. चमच्यांपेक्षा तेच जास्त खुपत होतं.

आज शिकवून येताना शाळेतून खडूची भुकटी आणली. जुन्या धोतराच्या फडक्यावर जरा ओली करून, एकाच दिशेने, हळूहळू चोळत बसले. पाच चमचे लखलखीत झाले. सहावा मुद्दाम ठेवला.

"हात दुखायला लागला माझा. हा तेवढा तुम्ही कराल का?"

"मी? आन् पुन्ना बिगडला म्हंजी?" म्हणाल्या, पण फडकं घेतलं. बराच वेळ चोळत होत्या. मग चमचा तोंडासमोर धरला. "ह्यात मी उलटी दिसती की गं." हसल्याच.

खरं तर माझ्या पाचांपेक्षा तो एक जास्त चकाकतो.

जेवायला बसले, तर तो सहावा चमचा माझ्याच ताटात. "हात दुकतोय न्हवं? चमच्यानं खा."

हात मुळीच दुखत नव्हता. आमटी-भात मात्र शेवटच्या घासापर्यंत चमच्यानेच खाल्ला.