नवी रिंग आणि बाबांची जीभ

ती. मामा,

साष्टांग नमस्कार भेटल्यावर घालीनच, आधी कबूल करतो: तू बाबांना दिलेलं कॉफीचं मशीन मी उघडलं. (बस. पाणी पी.) तुझी पाठ कशी आहे? मामी अजून रोज चालायला पिटाळते का? इकडे सगळे मजेत. म्हणजे तू हे पत्र वाचून फाडलंस तर मजेत.

तर झालं असं. मशीनमध्ये जिथं कॉफी भरलेला दांडा अडकवतात तिथं एक रबरी रिंग असते. ती झिजली होती, त्यामुळे दांडा कितीही आवळा, कॉफी कपात कमी आणि ओट्यावर जास्त. बाबांनी खाली फडकं लावलं, पण मेकॅनिकला बोलवायचं नाव नाही. का, तर "परका माणूस तिला हात लावणार नाही!" (तिला! आईला मात्र अजून "अगं, ऐकलंस का" वरच भागवतात.) म्हणून ते दाढ दाखवायला गेल्यावर मीच स्क्रूड्रायव्हर काढला. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. पण रिंगचा पार दगड झालेला. टोकरून टोकरून तुकड्यातुकड्यांनी निघाली, आणि आतल्या पितळेवर माझ्या कर्तबगारीचे चार ओरखडे राहिले. नवी रिंग आणि तिच्याबरोबरची जाळी मागवली, तर म्हणे यायला अकरा दिवस.

आता बाबा रोज सकाळी बाल्कनीत पेपर उघडतात आणि "होऊ दे" म्हणतात. ते फक्त बिया दळून देतात, पुढचं सगळं माझ्याकडे. आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, आज कॉफी जमली की नाही. मग काय करणार? आईच्या बाटलीतली कॉफी पावडर, उकळतं पाणी, फेसासाठी चमच्याने फेटाफेटी, आणि दाराआड सायकलचा पंप. फुस्स, फुस्स, फुस्सऽऽ. (दळलेल्या बिया कुंडीत. ते झाड हल्ली झोपत नाही.) पहिल्या दिवशी घोट घेऊन बाबांनी डोळे मिटले. म्हणाले, "बघ! फडकं नीट लावलं की कशी येते!" चौथ्या दिवशी शेजारच्या काकांना बोलवून पाजली. नवव्या दिवशी थेट स्वतःच्या जुन्या साहेबांना रविवारचं आमंत्रण. हे तेच साहेब, ज्यांनी सगळ्या ऑफिससमोर म्हटलं होतं की तुम्हाला कॉफीतलं ओ की ठो कळत नाही. बाबांनी ते बारा वर्षं मनात ठेवलंय.

पार्सल आलं. रिंग आधी उलटीच बसवली, दांडा फिरेना. मग तिरकी कड वर करून बसवली आणि दांडा बरोबर मधोमध थांबला. एक थेंब गळाला नाही, मामा! आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मोडण्याऐवजी दुरुस्त केलं होतं. खरीखुरी कॉफी नेऊन दिली. बाबांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि दवाखान्यात बोलतात तसं हळूच म्हणाले, "मशीन गेलं रे."

आता शनिवारी मेकॅनिक येतोय (हो, तोच परका माणूस). तो नवी रिंग बघणार, ओरखडे बघणार आणि तोंड उघडणार. मला बोलणी बसतील त्याचं काही नाही, सवय आहे. पण अकरा दिवस आपण काय प्यायलो, हे बाबांना साहेब यायच्या आदल्या दिवशी कळलं तर ते त्यांच्यासमोर बसतील कसे? सुरुवात गंमत म्हणून केली होती, आता गंमत वाटत नाही. (हे वाक्य मामीला वाचून दाखवू नकोस, तिला वाटेल मी सुधारलो.)

तुझा (अजून तरी) भाचा

ता. क. खरं काम हे: शुक्रवारीच ये. घोट घे, मान डोलाव, आणि सांग की मशीन ठणठणीत आहे, दाढेच्या औषधाने तुमच्याच तोंडाची चव गेलीय. कॉफीच्या बाबतीत बाबा फक्त तुझं ऐकतात.

ता. क. दुसरा. आईला सगळं सांगितलं. ती हसतच सुटली. मागच्या खेपेला तू दोन कप प्यायलास आणि "मशीनच्या कॉफीची गोष्टच वेगळी" म्हणालास ना, तेव्हा घरात बिया संपल्या होत्या. तुलाही बाटलीतलीच दिली होती. तुला सांगायचं नाही म्हणून आईने मला शपथ घातलीय. पाया पडतो मामा, तुला हे कळलंय असं कोण्णाकोण्णाला सांगू नकोस.