रणजीत सरांचा फ्लेक्स

३ फेब्रुवारी. सकाळी.
नातू रणजीत, त्याचं इंजिनिअरिंगचं गणित, एम-थ्री म्हणतात ते, राहिलंय. या खेपेला निघालं नाही तर वर्ष जाणार. मला कुणी सांगत नाही, दाराआडून ऐकावं लागतं. उद्यापासून काळजी बंद.

४ फेब्रुवारी.
काळजी बंद, पण झोपही बंद. रणजीतला म्हटलं, निगडीला क्लास लावू. नको म्हणाला. कॉलेजात नवी सोय झालीय. अवघड विषयात पोरंच पोरांचा अभ्यास घेतात, वरच्या वर्गातलं कुणीतरी सोबत बसतं. मग गुरुजी काय करतात, हे विचारेपर्यंत त्याची गाडी मोशीच्या बाहेर.

१२ फेब्रुवारी. दुपारी.
रणजीत डबा विसरला. (मीच बॅगेतून काढून ठेवला होता.) तो घेऊन बसने कॉलेजात. खिडकीतून पाहतो तर सात-आठ पोरं बसलेली आणि फळ्यापाशी आमचा रणजीत! लिहितोय, पुसतोय, परत लिहितोय. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण फळ्यापाशी उभा असतो तो गुरुजी, एवढं कळतं.
मागच्या बाकावर आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूंची स्नेहल. रणजीतच्या वर्षभर पुढे आहे, पण दर ओळीला विचारत होती, हे का, ते कुठून आलं. डोकं बेताचं असावं. रणजीत बिचारा घाम पुसत परत परत सांगत होता.
डबा तसाच परत आणला. बसमध्ये डोळे भरून आले.

१३ फेब्रुवारी.
विमलबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आमच्या शाळंत ज्याला येत न्हाई, त्यालाच फळ्यापाशी उभं करायचे." पन्नास वर्षांच्या संसारात या बाईने कौतुक म्हणून केलं नाही.
जिन्यात स्नेहलचे वडील भेटले. लातूरकडचा साधा माणूस, चाकणला कंपनीत. नाइट शिफ्ट करून येत होते. म्हटलं, पोरीची काळजी करू नका, आमचा रणजीत सांभाळून घेईल तिला. डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि "बरं आबा" म्हणाले. झोप झालेली नसावी.

१८ फेब्रुवारी.
कट्ट्यावरच्या दौलतरावाचा नातू जिमच्या स्पर्धेत तिसरा आला तर चौकात फ्लेक्स लागला होता. आपण गप्प का बसायचं? ऑर्डर देऊन आलो. 'गणिताचे युवा मार्गदर्शक मा. रणजीत सर यांचे हार्दिक अभिनंदन.' फोटो गॉगलवाला दिला, दुसरा मिळाला नाही. शुभेच्छुकांत सगळे भाडेकरू घातले. स्नेहलचे वडीलही. विचारायला ते घरी नव्हते.

२१ फेब्रुवारी.
फ्लेक्स लागला. दौलतराव चहा न घेताच उठून गेला. समाधान.
रणजीत संध्याकाळी आला तो थेट खोलीत. कुणा पोराने फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला म्हणे. प्रसिद्धीची सवय नाही, होईल.

६ मार्च.
रणजीत दोन आठवडे त्या अभ्यासाला गेलेला नाही. विचारलं तर म्हणतो, डोकं दुखतं. पोरं ताटकळत असतील. बीपी वाढलंय, माझं.

९ मार्च. संध्याकाळी.
स्नेहलला समजावायला वर गेलो. म्हटलं, तू फार शंका काढतेस, तो कंटाळलाय. तिने बसायला खुर्ची दिली.
"आबा, तो यायचा कधी थांबला?"
सांगितलं, फ्लेक्स लागला तेव्हापासून.
"मग तुम्हाला काय वाटतं, का थांबला असेल?"
मला काही वाटत नव्हतं. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. शेवटी वाटलं.
"आता काय करता येईल, आबा?"
फ्लेक्स उतरवायचा, असं माझ्याच तोंडून निघालं. पोरीने स्वतः एकही उत्तर दिलं नाही. मार्क तिलाच चांगले पडतात आणि हा वर्ग तीच चालवते, हे तिच्या आईने चहा देताना सांगितलं. मला अंदाज होताच.
उद्या पहिलं काम फ्लेक्स.

१० मार्च.
शिडी मिळाली नाही.

१७ मार्च.
शिडी मिळाली. पण समोरच्या सोसायटीत नव्याने आलेल्या गृहस्थांनी चौकात नमस्कार करून, सरांचे आजोबा ना, असं विचारलं. लगेच उतरवणं बरं दिसत नाही. पाडव्यानंतर बघू.

११ एप्रिल.
चार दिवसांपूर्वी फ्लेक्स उतरला. महापालिकेची गाडी घेऊन गेली. माझा निर्णय आधीच झालेला होता. रणजीतला सांगितलं, मी काढून टाकला. परवापासून तो परत जायला लागलाय. परीक्षेला महिनाच उरलाय. आता निर्धास्त.

१४ मे.
पेपर झाला. बरा गेला, असं जिन्याकडे बघत म्हणाला.

२ जुलै.
निकाल. एम-थ्री राहिलं. वर्ष गेलं.
पहिल्यांदाच त्याने मला समोर बसून सांगितलं. रागावला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, "आबा, मी परत त्या अभ्यासाला बसणार आहे. या वेळी कुणाला सांगू नका." म्हटलं, मी कशाला सांगू?
दुपारी कट्ट्यावर दौलतरावाने खोदून खोदून विचारलं. शब्दाला जागलो, काही बोललो नाही. इतकंच म्हणालो, की यंदा त्या वर्गात सगळ्यात सिनियर आमचा रणजीत आहे.