वगळलेल्या चाळीस फेऱ्या

प्रिय भिंगरी,

अक्षर आईचं बघून दचकू नकोस. बोलतोय मी, लिहितेय ती. मधे मधे माझी वाक्यं सुधारतेही, तेव्हा एखादं वाक्य फारच शहाण्यासारखं वाटलं तर ते तिचं समज. दुपारचे तीन वाजलेत. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलोय. खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नाहीये आणि तो बिचारा किका मारून मारून दमलाय.

तुझा प्रबंध पोचला. विमानातले शब्द बरोबर आहेत का तेवढं बघा, म्हणालीस, म्हणून बघायला बसलो आणि सगळाच वाचून काढला. गणित माझ्या डोक्यावरून गेलं, पण मुद्दा कळला. उतरताना वैमानिकाच्या हातांवर लक्ष ठेवणारं, आणि ते हात चुकायला लागले की विमान स्वतःच्या ताब्यात घेणारं यंत्र. तीस वर्षं ज्या खुर्चीत बसलो, त्या खुर्चीवर पहारा ठेवणारं काहीतरी माझ्याच पोरीनं बनवावं, याचं आधी हसू आलं होतं. तुला आठवत असेल, मी म्हटलंही होतं, आता बापावर नजर ठेवणार का? तू हसली नव्हतीस. म्हणालीस, बाबा, मला खरे हात हवेत, पुस्तकातले नकोत.

मग आपले गुरुवार सुरू झाले. नुकताच निवृत्त झालो होतो, घरात पायात पाय येत होते, आई कंटाळली होती. दोन बस बदलून तुझ्या त्या तळघरातल्या प्रयोगशाळेत यायचं. प्लायवूडचं कॉकपिट, कुठल्याशा मोडीत काढलेल्या विमानाची खुर्ची, समोर तीन पडदे, आणि मागे वायरींचं जंगल सांभाळणारे तुझे ते तंत्रज्ञ, जे मला सारखे ‘कॅप्टन, डोकं सांभाळा’ म्हणायचे आणि तरी माझं डोकं दर वेळी आपटायचंच. पहिल्या वर्षी एकशे वीस वेळा विमान उतरवलं मी तिथे. वारा वाढव, पाऊस टाक, एक इंजिन बंद कर, काय वाटेल ते करायचीस तू. तुझे मित्र मागे उभे राहून बघायचे. खरं सांगतो, इतका मान मला नोकरीतही मिळाला नव्हता.

आठ महिन्यांनी तू पुन्हा बोलावलंस. तोच माणूस काही काळानं तसाच उतरवतो का, हे तपासायचं होतं. चाळीस फेऱ्या झाल्या आणि तू अचानक म्हणालीस, पुरे झालं, भरपूर माहिती मिळाली. अजून साठ ठरल्या होत्या. तू पडद्याकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आलीस, बस येईपर्यंत माझा उजवा हात धरून उभी राहिलीस. लहानपणी रस्ता ओलांडतानासुद्धा तू हात धरू द्यायची नाहीस.

त्यानंतर चार महिने तू घरी आली नाहीस. फोनवर झोप लागते का, चव कळते का, असले प्रश्न विचारतेस. आईला परस्पर सांगतेस की बाबांची सगळी तपासणी करून घे, वय झालंय. मी सगळं ऐकत होतो. मग प्रबंधातल्या शेवटच्या तक्त्यात बघितलं. वैमानिक क्रमांक चार, एकशे वीस फेऱ्या. खाली बारीक अक्षरात टीप, की नंतरच्या चाळीस फेऱ्या उपकरणातल्या बिघाडामुळे वगळल्या आहेत. मी तुझ्या तंत्रज्ञांना फोन केला, सहज ख्यालीखुशालीचा म्हणून. त्यांच्या बोलण्यातून आलंच, उपकरणाला काही झालेलं नव्हतं. त्याच आठवड्यात बाकीच्या चौघांनी त्यावर फेऱ्या केल्या होत्या.

मागच्या सोमवारी आई आणि मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. कंपवात आहे. डॉक्टरांनी मला कागदावर गोल काढायला सांगितला, मी काढला, आणि तिघांनीही त्याच्याकडे बघितलं. गोळ्या सुरू झाल्यात. पडद्यावर माझा हात चुकताना बघून तू घाबरून जे लपवलंस ते आता उघड आहे, तेव्हा ते ओझं उतरव. तुझ्यावर रागावलेलो नाही.

पण यापुढचं आईही पहिल्यांदाच ऐकणार आहे.

तुझ्या आकड्यांच्या आधीपासून मला माहीत होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी उजव्या हाताची बोटं कधी कधी माझं ऐकेनाशी झाली होती; तुझ्या पहिल्या एकशे वीस फेऱ्यांत मात्र ती निभावून गेली. वैद्यकीय तपासणीला मी तो हात मांडीखाली दाबून बसलो आणि गप्पा मारत राहिलो. निवृत्तीला पाच महिने उरलेले असताना एका पावसाळी दुपारी विमान धावपट्टीच्या कडेला गेलं. वारा होता, पण तसला वारा मी शेकडो वेळा पेलला होता. हात उशिरा हलला, एवढंच. शेजारच्या तरुण सहवैमानिक मुलीनं झटकन विमान सावरलं, नाहीतर आज हे पत्र नसतं. प्रवासी वाचले. मागच्या बाजूच्या हवाई सेविकेचा खांदा मात्र असा मोडला, की तिला पुन्हा उडता आलं नाही. अहवालात मी लिहिलं, वाऱ्याचा अचानक झोत. सहवैमानिक मुलीला म्हटलं, सही कर. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि केली. त्यानंतरही मी पाच महिने उडत राहिलो. निरोपाच्या दिवशी मला हार घातला, तेव्हा ती मुलगी आली नव्हती.

इथे आईनं पेन खाली ठेवलं. उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. तिनं त्या दिवशीची माझी ओली टोपी वाळत घातली होती, मला गरम पाणी दिलं होतं, आणि वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या. मी एकटा बसून राहिलो. वाटलं, हे पत्र इथेच संपलं. मग ती आली, खुर्ची ओढून बसली, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पुढे सांगा.’

तर पुढे. पाच दिवसांनी तुझी परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा आहे, म्हणून आजच लिहायला बसलो. ती टीप काढून टाक. चाळीसच्या चाळीस फेऱ्या परत घाल, आणि त्या का वगळल्या होत्या तेही सांग. पदवी लांबली तर लांबू दे. तुझ्या यंत्राला तू फक्त धडधाकट हात दाखवलेस, मग ते माझ्यासारख्याला ओळखणार कसं? आम्ही लोक आपणहून सांगत नाही गं. मी नाही सांगितलं. या पत्राबरोबर कंपनीला आणि त्या हवाई सेविकेलाही लिहितोय, आई लिहून देईन म्हणालीय. आणि ठरलेल्या साठ फेऱ्या राहिल्यात. पुढच्या गुरुवारपासून मला पुन्हा त्या खुर्चीत बसव. दर महिन्याला बसव, हात चालेनासा होईपर्यंत. पडद्यावर काय दिसतं ते माझ्यापासून लपवू नकोस. आणि फेरी बिघडली तर मधेच थांबवू नकोस.

तुझाच,
बाबा

ता. क. – हे माझं. यांनी आज सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही. पण गुरुवारी मी यांच्याबरोबर येतेय. बसची पायरी उंच असते. – आई