दुसरा ठोका

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून नोकरी सुरू, म्हणून ही नवी वहीही सुरू. कराडहून पहाटेची गाडी पकडली आणि दहाच्या आत पुण्याच्या मार्केट यार्डात पोचले. कांदा-बटाटा विभागाच्या मागे पत्र्याची मोठी शेड, सहा ट्रक, आणि टेबलावर माझं ओळखपत्र: पूर्वा कणसे, मेंटेनन्स सुपरवायझर. ते मी तीनदा वाचलं. मालक पृथ्वीराज शेठ माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. मुली ट्रकखाली शिरतात का, असं त्यांनी विचारलं. ट्रकची हरकत नसेल तर शिरतात, असं मी सांगितलं. ते हसले, पण पंधरा दिवस काम बघून मगच पक्कं करणार म्हणाले. पक्कं झालं नाही तर कराडला परतायचं आणि बाबांच्या वह्या-पेनांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलेलं आहे. बाबांनी माझी खुर्ची अजून तिथेच ठेवली आहे.

हेड मेकॅनिक कादरचाचा साठीचे आहेत, कमी बोलतात, चहा मात्र चांगला पाजतात. शेडचा एक नियम त्यांनी लगेच समजावला. हातगाड्या आणि हॉर्न यांच्या गोंगाटात ट्रकखालच्या माणसाचा आवाज वर पोचत नाही, म्हणून पान्याने चासीवर ठोकायचं. एक ठोका म्हणजे सेल्फ मार, किल्ली फिरव; दोन म्हणजे थांब. दोन ऐकल्यावर किल्लीला हात लावायचा नाही, मग शेठ का येईनात.

खोली सदाशिव पेठेत मिळाली आहे. चपला कुठे काढू नयेत याच्या दोन पाट्या आहेत, कुठे काढाव्यात याची एकही नाही. पण खिडकीत ऊन येतं. मी खूश आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

रजिस्टर चाळताना दिसलं, की ४४७१ नंबरच्या ट्रकची चौदा महिने सर्व्हिसिंगच झालेली नाही. विचारलं तर प्रत्येकाकडे वेगळं कारण. चाचा म्हणाले, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? मला हे पटणं शक्यच नव्हतं. मी स्वतः खाली शिरले. ऑइल बदललं, ऑइलचा आणि डिझेलचा फिल्टर नवा टाकला, ग्रीस भरलं. काम झकास झालं.

संध्याकाळी ट्रक सुरू होईना. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. फिल्टर बदलताना लाइनमध्ये हवा शिरते, त्यात नवल नाही. उद्या हवा काढेन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खाली पोतं अंथरून फिल्टरचा नट सैल केला, हातपंप मारला. फेस आला, मग स्वच्छ डिझेल. नट आवळला आणि एक ठोका दिला. चाचांनी सेल्फ मारला नाही. दोन ऐकू आले म्हणाले. पुन्हा एकच दिला. पुन्हा दोन ऐकू आले म्हणे. वय झालं की कान असे खेळ करतात. शेवटी मोबाइलवरून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी मारला. इंजिन पकडलं नाही. नट सैल केला तर परत फेस.

शेठ येऊन बघून गेले. म्हणाले, सर्व्हिसिंगच्या आधी चालत होती, हा गाडीचाच दोष असणार. दुपारभर शेड हसत होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टाकीपासून पंपापर्यंत पारदर्शक नळी लावून पाहिली. एक बुडबुडा नाही. जुनी रबरी रिंग वर चिकटून राहिलीय का पाहिलं. नाही. दुसरा नवा फिल्टर टाकला. बॅटरी ठणठणीत. हवा आत येण्याला जागा नाही, आणि फेस येतोच आहे.

उजव्या हाताची बोटं बधिर झाली आहेत. डिझेलमुळे असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

आज शेड बंद. शेठांकडून किल्ली मागून एकटीच गेले, भर दुपारी. गिअर न्यूट्रलला घेतला, केबिनमध्ये बसले, किल्लीला हात लावला. खालून ठोका आला. मग थोड्या वेळाने दुसरा.

उतरून वाकून पाहिलं. माझं पोतं होतं, पाना होता, बाकी कुणी नाही. वर येऊन बसले तर गिअर पहिल्यात होता.

मी पळत सुटायला हवं होतं. तसं काही वाटलंच नाही. शेड बंद केली, कोपऱ्यावर पोहे खाल्ले. उजव्या हातात चमचा आहे की नाही, ते बघावं लागत होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

पेठेतल्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत सुई टोचून पाहिली. मला काही जाणवलं नाही. नस दबली असेल म्हणाले, गोळ्या दिल्या, आराम सांगितला. इतकं बधिर व्हायला निदान दहा वर्षं पाना चालवावा लागतो म्हणाले. मी एक आठवडा चालवला आहे.

शेठांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. ट्रक शेडबाहेर पडला तर मी पक्की, नाहीतर कराड.

चाचांना ठोक्यांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, दोन्हींच्या मध्ये किती वेळ गेला? मी म्हटलं, दोन श्वास. ते उठून गेले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्याआधी इथे संपत नावाचा मेकॅनिक होता. तो फुरसुंगीला राहतो, म्हणून जाऊन आले. आता किराणा दुकान चालवतो. वजन डाव्या हाताने करतो. उजवा खिशात. बायको तुळजाबाई म्हणाल्या, नोकरी सोडली म्हणून कोपरापाशी थांबलं, पण खालचं परत आलं नाही. संपतभाऊंनी ट्रकबद्दल काही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, "हात तुमचा तुम्हीच हलवताय नव्हं? मग अजून येळ हाय."

बसमध्ये मी हाताकडे बघत बसले. मांडीवर होता. हलत नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा खांद्यापर्यंत गेला.

चाचांनी आज सांगितलं. चौदा महिन्यांपूर्वी याच ट्रकखाली चिरडून सोनबा गेला. जुना मेकॅनिक. पाना चालवून चालवून त्याचा उजवा हात मरत चालला होता, अधूनमधून मध्येच गळून पडायचा. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोलला नव्हता. त्या दिवशीही सर्व्हिसिंगनंतर ट्रक सुरू होत नव्हता. वर किल्लीवर चाचा होते. गिअर पहिल्यात राहिला होता, सेल्फ मारताच ट्रक पुढे सरकला.

"मी एकच ठोका ऐकला आणि सेल्फ मारला," चाचा म्हणाले. "दुसरा ठोका नंतर आला."

त्यानंतर अडलेला ट्रक सुरू करायला फक्त संपत खाली गेला. मग मी. कुणी खाली जात नाही तोवर ट्रक चालतो. चाचा आता ना खाली जाणार, ना किल्लीवर बसणार. मलाही कराडला जा म्हणाले. बेटा म्हणाले, पहिल्यांदाच.

आज पुन्हा किल्लीला हात लावून ठोक्यांमधलं अंतर मोजलं. नऊ श्वास.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेठांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, कारण नवीन आहे, आवडलं. उद्या ते स्वतः किल्लीवर बसणार.

बाबांचा फोन आला. खुर्चीवरची धूळ पुसली म्हणाले. मला रडू यायला हवं होतं.

ठोके: एक. मग बावीस श्वास. मग दुसरा. दर वेळी लांबतंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

जाणार आहे. भीती वाटत नाही. ती हातातून वर चढत कुठेतरी गेली. हे बरं नाही, एवढं कळतं.

गिअर न्यूट्रल, स्वतः पाहिला. चाकांना दगड. शेठांना दोनदा बजावलं, एका ठोक्यावर मारू नका, मी मोबाइलवर सांगेन. हो म्हणाले. हसत म्हणाले.

११.१०

खाली आहे. नट सैल केला, डाव्या हाताने. फेस. शेठ फोनवर कुणाशी बोलताहेत, त्यांचे बूट दिसतात. ते येईपर्यंत लिहिते, नाहीतर डोळे मिटतात.

पोतं गरम आहे. मी आत्ताच आले, तरी

११.१४

वर गिअर पडला. शेठ अजून चढलेले नाहीत. बूट इथेच आहेत —

हाक मारली. हातगाड्या जाताहेत. ऐकू जात नाही. मोबाइल उजव्या खिशात, उजव्या बाजूला सरकता येत नाही —

११.१५

बूट वर गेले. दार लागलं.

उजव्या हातात पाना आहे. मी घेतला नाही. हात वर जातोय. मी उचलत नाही —

ठोकला. एक.

श्वास. दोन. तीन. दुसरा मारत नाही. हात पडून आहे. थांब म्हणायला दुसरा ठोका हवा, डाव्यात पेन्सिल आहे, ती टाकून पाना घेते आणि