कोटाची कड

३ बहमन, सोमवार
"पोरी, तू सवारी हायेस, सवार न्हाईस." माझ्या वडिलांचं, दादांचं वाक्य. केजला त्यांच्या तट्टावर मी एकटीच चढून बसले होते, आठ-नऊ वर्षांची. त्यांनी उतरवलं, मागं बसवलं, लगाम स्वतः धरला. रागावले नव्हते. नुसतं सांगितलं. आज फटफटीत बसताना आठवलं, का कोण जाणे.

पाली ते बीड रोज जाणं, रोज येणं. यांची निजामाच्या अदालतीत वकिली, माझी मुलींची शाळा. यांनी फटफटीला बाजूची बैठक जोडून घेतली, त्याला वर्ष झालं. गावात तिला पाळणा म्हणतात. पहिल्याच दिवशी सरूबाई आडावर म्हणाली, "मास्तरीणबाईच्या घरी पाळणा आला बाई शेवटी!" सगळ्या हसल्या. मीही हसले. लग्नाला तीस वर्षं होतील. आता बोचत नाही. शब्द तेवढा राहिला, मीही पाळणाच म्हणते.

५ बहमन, बुधवार
धुकं. यांना धुकं काय, ऊन काय. पंचवीस हातांपलीकडचं दिसत नाही, अलीकडचं धूसर. मोतीबिंदू. पिकल्याशिवाय काढता येत नाही म्हणतात. कागद डोळ्यांशी धरून वाचतात, अदालतीत चष्म्याचा नंबर वाढला एवढंच वाटतं, खरं कुणाला कळलेलं नाही.

फटफटीच्या आवाजात माझं बोलणं ऐकू जात नाही. म्हणून यांच्या कोटाची कड. एकदा ओढली की डावीकडे, दोनदा ओढली की उजवीकडे, धरून ठेवली की थांबायचं. बसून ठरवलं असं नाही. एकदा समोर बैलगाडी आली, मी घाबरून कोट धरला, हे थांबले. तिथून सुरू. दोघंही याबद्दल बोलत नाही.

पूर्वी जाताना दोन-तीनदा ओढावी लागे. आज मोजलं नाही. हात दुखतो आहे.

६ बहमन, गुरुवार
मोठे भावजी ओट्यावर. मी दारामागं. दसऱ्याला मोटार घेतली त्यांनी, शोफर ठेवला. यांना म्हणाले, "वकील माणूस तू. धुरळा खात जातूस, लोक हासतेत. माझ्यासंगं मोटारीत येत जा."
"आणि ही?"
"ती कशी बसंल माझ्यापुढं? राहील घरी. लई झाली शाळा."
हे म्हणाले, "बघू."

थोरल्या दिरापुढं मी अजून पाटावरसुद्धा बसलेले नाही. मोटार आली की शाळा गेली. इतकं सरळ आहे.

७ बहमन, शुक्रवार
शुक्रवारची सरकारी सुट्टी. घरीच.
भावजींच्या मोटारीत यांना धोका नाही, हे मला कळतं. यांचे डोळे सांभाळते आहे की माझी शाळा? लिहून ठेवते, म्हणजे पुढं स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

११ बहमन, मंगळवार
झालं एकदाचं.
नदी ओलांडून वर आलो. पदर उडाला म्हणून सावरायला गेले, तर कोटाच्या कडेचा दोरा सुटलेला, त्यात बांगडी अडकली. हिसका बसला. हे निमूट डावीकडे वळले. डावीकडे रस्ताच नव्हता. ज्वारी.

पुढं आगटी पेटलेली, हुरड्याला माणसं बसलेली. उठून पळाली. एक लेकुरवाळी होती, पोर मांडीवर. तिला उठता आलं नाही. मी कोट दोन्ही हातांनी धरला. फटफटी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

शेतवाला बाबूराव सगळ्यात आधी परत आला. "वकीलसाहेब, फटफटीला बी हुरडा चारायचा का काय?" सगळे हसले. पोर रडायला लागलं तशी ती बाईही हसली. कुणीतरी म्हणालं, "दिसलं न्हाई का ओ?" मी म्हणाले, "मीच यांना बोलण्यात गुंतवलं." त्या आवाजात कसलं बोलणं. यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे जरासं बाजूला पाहिलं. तिथं मी नव्हते.

हुरडा दिला बसवून. कोवळा होता. शाळेत उशीर.

१२ बहमन, बुधवार
भावजींपर्यंत गेलंच. "शनवारपासून मोटार. आता बघू न्हाई."

जेवताना हे एकदम म्हणाले, "काल तू कड ओढलीस."
"बांगडी अडकली होती."
"मला वाटलं वळण आलं."
वरण वाढलं. ते कालवत म्हणाले, "आड असता तरी वळलो असतो."
भाकरी करपली.

१३ बहमन, गुरुवार
शाळेत कुणाला काही सांगितलं नाही. मुलींना उजळणी दिली, शनिवारी दाखवायची. सवयीनं शनिवार म्हणून गेले. परतताना हे अगदी सावकाश. कोट शिवून दिला होता, तरी बांगड्या उतरवून ठेवल्या आणि कड धरली.

१४ बहमन, शुक्रवार
हे फटफटी पुसत होते. हातानं चाचपून पुसतात, डाग राहतो तो राहतोच. मी पुढच्या बैठकीवर बसून पाहिलं. पाय पुरतात. लुगड्याचा काष्टा आहे, अडत नाही. वर्षभर पाळण्यातून यांचे हात पाहिलेत, कोणता हात कधी काय करतो ते पाठ आहे. खड्डे तर यांच्यापेक्षा मलाच जास्त...

"उतर. लोक बघतील," म्हणाले. रागावले नाहीत. दादांसारखंच.

उतरले. पण उद्या मोटार यायची आहे. आत्ता चहा घेऊन जाईन तेव्हा विचारणार. हे आधी चष्मा काढून पुसतील, पुसून काही फरक पडत नाही तरी. मग नाही म्हणतील. तरी विचारणार. वाक्य जुळवून ठेवलं आहे:

उद्या मोटार परत पाठवा. फटफटी मी चालवते, तुम्ही पाळण्यात बसा. भीती वाटली तर माझा पदर ओढा, मी थांबेन.