चतुराच्या मागचा माणूस

ला पाल्मा, १४ ऑगस्ट

प्रिय आर्सेसियो,

आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. कॉफीला फूल बरं आलंय. तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पाकीट जीपवाल्या ओतोनिएलकडे देतेय. बहिणीचं पत्र आलं म्हणून तो तुला चिडवेलच, मनावर घेऊ नकोस.

मी लांब पल्ल्याची लेन्स घेतली, जुनीच. आधीच्या लेन्सने किड्याच्या अगदी नाकाशी जावं लागायचं. माझी सावली पडली की स्वारी पसार. आता चार पावलं लांब बसते आणि तो आपल्या नादात डोळे पुसत बसतो. शेजारीण म्हणते, "माणसांचे फोटो काढ गं, चार लग्नं तरी मिळतील." माणसं फार हलतात.

सोबतचा फोटो रविवारचा, ओढ्याकाठच्या चतुराचा. पंखाची शीर न् शीर आलीय बघ. या लेन्सने मागचं सगळं विरघळून जातं, म्हणून ओढ्यावरच्या साकवापलीकडचा तांबडा डाग मला आधी दिसलाच नाही. दिसला तेव्हा वाटलं, कुणाची तरी गाय असेल.

आईला सहज दाखवला. मोतीबिंदूमुळे तिला चतुर काही दिसेना. पण डागावर बोट ठेवून म्हणाली, "हा आर्सेसियो. उजवा खांदा पाडून उभा आहे."

"आई, त्याला तोंडसुद्धा नाही."

"मला आता सगळेच असे दिसतात. तुलाही मी अशीच ओळखते."

म्हणजे तू आला होतास. साकवापर्यंत येऊन परत गेलास. मला तुझा राग आला, आणि रडूही आलं. बाबांच्या मातीला तू आला नाहीस, तेव्हा "या घराची पायरी चढू नकोस" असं ती म्हणाली होती, ते मी विसरलेले नाही. तीही नाही. शब्द मागे घेणाऱ्यांतली ती नव्हे, तू तिला ओळखतोस.

जेवताना मात्र मक्याचा अरेपा मोडता मोडता म्हणाली, "साकवाचे बांबू कुजलेत. नवे टाकून घे."

"आपण दोघीच तर जातो तिथून. आपल्याला पुरेत की."

"तो जाड आहे," आई म्हणाली, आणि सूप मागितलं.

काल नवे टाकले. मी साकवावर उड्या मारून पाहिल्या, हलत नाही.

रविवारी कॅमेरा घरातच ठेवीन.

तुझी ताई,
मार्लेनी