भागूबाईच्या ओव्या, बद्रीनाथची पेटी

मी, भागूबाई शांतवन खरात, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार उस्मानपुरा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आमच्या चर्चच्या पंचांना तो पटणार नाही. त्यांच्या मते माझे डोके चोपन्न सालीच फिरले.

१. राहत्या दोन खोल्या माझी मुलगी द्वारका हिला द्याव्यात. पुतण्या रामकिसन हक्क सांगायला येईल. त्याला चहा द्यावा.

२. शिलाई मशीन शेजारीण जाहेदा हिला. माझ्या आजारपणात दोन महिने तिच्या घरून डबा आला. चर्चकडून एक कार्ड आले, त्यावर नाव भलत्याच बाईचे होते.

३. ओव्यांची वही. याबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या वर्षांत आमच्या बाया उपासनेत मुक्या उभ्या राहत. गीतपुस्तक हातात, वाचता माझ्याखेरीज एकीलाही येत नाही, आणि चाली गोऱ्या साहेबांच्या. कन्नड गावी माझी आई जात्यावर जे म्हणे, त्या चालीत मी येशूजन्माच्या बारा ओव्या रचल्या. आठवड्यात बायांच्या पाठ झाल्या. चोपन्नच्या नाताळात पाळकसाहेबांच्या परवानगीने आम्ही म्हणायला उभ्या राहिलो. दुसऱ्याच ओवीला पेटीवाले बद्रीनाथ साळवे यांनी भाता मिटला आणि ओरडले, "हे देवाचं घर हाय, दळणाची खोली नाय!"

शेजारी उभ्या सरूबाईने माझा पदर धरला. "भागूबाई, थांबायचं का?"

"पेटी थांबली. आपला गळा नाय थांबला."

बाराच्या बारा म्हटल्या. पंचांनी मला सहा महिने प्रभुभोजनाच्या विधीतून वगळले. सरूबाईला कोणी वगळले नव्हते, तरी ती तेवढे महिने माझ्याशेजारी मागच्या बाकावर बसली.

बावीस वर्षांनी पुण्याहून गाणी गोळा करणारे लोक आले. बद्रीनाथांनी त्याच ओव्या पेटीवर वाजवल्या आणि सांगितले, "आमच्या मंडळीचा जुना ठेवा. मीच जपला." मी मागेच होते. त्यांनी एकदा वळून पाहिले आणि भाता जोरात मारू लागले. ज्याला चोरीसुद्धा नजर वर करून करता येत नाही, त्याच्याशी भांडून मी माझा दर्जा का घालवू? सबब वही चर्चच्या कपाटात जाऊ नये. ती सरूबाईच्या नातीला द्यावी. तिला वाचता येते.

४. गेल्या ईस्टरला पोरांनी गिटार आणि ड्रम आणून नवी गाणी सुरू केली. बद्रीनाथ अर्ज घेऊन माझ्या दारात आले. "बाई, तुम्ही जुनं माणूस. सही करा, हा धिंगाणा बंद पाडू."

मी म्हटले, "गाणी लई भिकार हायेत. एकच ओळ चाळीस वेळा."

"मग करा की सही!"

"भिकार हाय हे माझं मत. म्हणूच नये हे तुमचं. माझ्या मताला अर्ज लागत नाय."

ते पाणीही न घेता गेले. सही केलेली नाही, याची नोंद असावी.

५. दफनविधी. पाळकांनी पाच मिनिटांत आटोपावे. बद्रीनाथ हयात असल्यास त्यांना सावलीत खुर्ची द्यावी, बोलू देऊ नये. माझ्या ओव्या म्हणू नयेत. पोरांनी त्या आठवड्यात स्वतः रचलेले गाणे म्हणावे. कसेही असो, मध्ये कोणी अडवू नये. मला ते ऐकावे लागणार नाही.

वरील मजकूर वाचला, खाडाखोड नाही, पश्चात्तापही नाही.

सही: भागूबाई शांतवन खरात

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. पुंजाराम दादाराव शिरसाठ, उस्मानपुरा
२. नूरमोहम्मद शेख हुसेन, उस्मानपुरा

औरंगाबाद, दिनांक ११ मार्च १९९१